गळाला काय लागलं? : ट्राउटचा उन्हाळा, आपला भाद्रपद

मागच्या अंकात या सदराच्या शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती की सप्टेंबरात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशाच्या मागे जाणार आहे. झालं. मरळीचे प्रश्न गायब, वामीचे गायब, कणकेच्या गोळीत हिंग घालायचं की लसूण हा दर महिन्याचा वाद पण गायब, आणि पत्रांचा सगळा गठ्ठा ट्राउटवर. निवडक घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका. ज्यांनी नुसतं "रॉड कुठला घेऊ" एवढंच विचारलंय त्या सगळ्यांना मिळून एक उत्तर खाली मध्येच कुठेतरी आहे, शोधा.

प्रश्न : काका, मी कोथरूडला राहतो, आयटीत आहे. गेले सहा महिने रोज रात्री फ्लाय फिशिंगचे, म्हणजे गळाला पिसा-दोऱ्याची खोटी माशी बांधून मासे धरायचे, व्हिडिओ बघतोय आणि शेवटी पाच नंबरचा रॉड मागवलाच. सगळे सांगतात की लेट समर म्हणजे बेस्ट, नाकतोड्याची माशी लावा आणि मजा बघा. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आहे. मुळशी, पवना, नीरा, यातल्या कुठे ट्राउट लागेल? लांब जाणं जमणार नाही, मॅनेजर सुट्टी देत नाही.

उत्तर : कुठेच नाही. मॅनेजरने महिनाभर सुट्टी दिली तरी नाही.

आता का नाही ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं. ट्राउट हा गार पाण्याचा मासा, म्हणजे साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस पाणी असेल तर साहेब खुशीत असतात, हालचाल करतात, खातात. १९-२० च्या वर गेलं की खाणं कमी होतं, आणि २५ च्या आसपास जिवावर बेततं. कारण असं की पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, समुद्रसपाटीला धरलं तर १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११.३ मिलिग्रॅमपर्यंत, २० ला ९.१ आणि ३० ला फक्त ७.६. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, त्यामुळे पाणी तापलं की त्याचं शरीर पण जोरात चालायला लागतं आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे पगार कमी झाला त्याच महिन्यात घराचा हप्ता वाढला. तुम्ही आयटीत आहात, तुम्हाला समजेल.

मी मे महिन्यात पानशेतच्या कडेला सकाळी सात वाजता थर्मामीटर बुडवला होता तेव्हा २६ आलं होतं. सकाळी सातला! दुपारचं तर बोलूच नका. आपल्या चिलापीला ते झकास चालतं, ट्राउटला तो ताप आहे.

दुसरी गोष्ट ते लेट समर. ते व्हिडिओ अमेरिकेतले नाहीतर युरोपातले, तिकडे उन्हाळा जून ते ऑगस्ट, त्यामुळे लेट समर म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबरची सुरुवात. तेव्हा त्यांच्या नद्या आटलेल्या, नितळ, काठचं गवत वाळलेलं आणि नाकतोडे वाऱ्याने उडून पाण्यात पडतायत. आपल्याकडे त्याच वेळी श्रावण-भाद्रपद चालू असतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि मुठेचं पाणी चहासारखं, तेही दूध जास्त घातलेल्या. तुम्ही महिना उचललात पण त्या महिन्यात तिकडची नदी कशी असते ते तिथेच राहिलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळा हा आपल्या माशांचा अंडी घालायचा काळ आहे. महाशीर पण त्याच दिवसांत वरच्या अंगाला चढतो. मृगाचा पाऊस पडला की ओढ्यात चढणीचे मासे धरायला गाव लोटतं, मी पण लहानपणी मामाबरोबर गेलोय, पाटी भरून आणलीय आणि आजीने त्यातल्या गाभोळीची वेगळी भाजी केलेली अजून जिभेवर आहे, पण ती एक एक गाभोळी म्हणजे हजारो मासे होते हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्यामुळे तुमच्या पंधरा ऑगस्टला रॉड घरीच ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळतं, तेव्हा त्याच पाच नंबरच्या रॉडवर चिलापी घ्या, छान लढते. कोथरूडहून तासाभरात पोचाल आणि मॅनेजरला कळणार पण नाही.

प्रश्न : आमचं मूळ गाव भोरजवळ. आजोबा नेहमी सांगायचे की त्यांच्या लहानपणी एक गोरा साहेब नीरेच्या वरच्या अंगाला ट्राउट मारायला यायचा. वीतभर लांबीचा, चंदेरी, अंगावर ठिपके आणि पट्टे. आता तुम्ही म्हणता ट्राउट नव्हताच. मग आजोबा खोटं बोलत होते का?

उत्तर : अजिबात नाही, आजोबांचा मान राखूनच सांगतो, साहेब त्याला ट्राउटच म्हणत असणार.

इंग्रज जिथे गेला तिथे त्याने आपल्या गावाकडचं काहीतरी शोधलं. आपल्या सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांत एक बारीक चपळ मासा असतो, अंगावर निळसर उभे पट्टे, ठिपके, पाण्यावर पडलेला किडा उडी मारून टिपतो. काही ठिकाणी त्याला झोऱ्या म्हणतात. शास्त्रीय नाव बॅरिलिअस बेंडेलिसिस, हल्ली नावाचा पहिला भाग बदलून ऑप्सारिअस म्हणतात. इंग्रजीत याचं नाव पडलं इंडियन हिल ट्राउट. ट्राउटशी नातं काडीचं नाही, हा आपल्या रोहू-कटल्याच्या भावकीतला. पण माशी घेतो! अगदी बारीक, १६-१८ नंबरच्या गळावरची काळी माशी टाकली तर असा झडप घालतो की साहेबाला घरची आठवण आली असेल तर नवल नाही. खूणगाठ सांगू का, खऱ्या ट्राउटच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो, ज्यात काटे नसतात. तो झोऱ्याला नसतो. आजोबांना विचारायची सोय आता नसेल, पण माझी पैज झोऱ्यावर.

याच निमित्ताने एक सांगायचं राहून जातंय गेले कित्येक अंक. विल्यम हेन्री साइक्स म्हणून एक लष्करी अधिकारी होता, मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करायला लावलं होतं. त्याने इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णनं छापली, आणि नावं देताना ग्रीक-लॅटिन शोधत बसला नाही, इथल्या लोकांना विचारलं आणि तेच लिहून टाकलं. त्यामुळे आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ कोळसाला कोलस म्हणतात, मळ्याला मुल्या म्हणतात, फुलुंगी, बोगट, सगळं तसंच्या तसं. डोक्यावर टेंगूळ असलेला एक मासा आहे त्याचं नाव नुक्ता, म्हणजे आपला नकटा! आणि महाशीर, टॉर खुद्री, हा तर त्याने पहिल्यांदा लिहिला तो आपल्या मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवरचा. ज्या नदीवरून जाताना आपण आता गाडीच्या काचा वर करतो, ती नदी म्हणजे महाशीराचं शास्त्रातलं माहेर. असो. ट्राउटसाठी हिमालयात जा, जरूर जा, पण झोऱ्या आणि कोळस ओळखता येत नसतील तर आधी भोरला जाऊन या.

प्रश्न : निगडीहून लिहितोय. आम्ही तिघे मित्र, पन्नाशीतले. तीर्थन की काश्मीर, आणि ऑगस्टमध्ये की गणपतीनंतर? दिवसातून कुठल्या वेळी टाकायचं? लेट समरला म्हणे संध्याकाळ चांगली.

उत्तर : गणपती बसवा, विसर्जन करा, मग निघा.

हे मी शहाणपणाने नाही सांगत, मार खाऊन सांगतोय. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा मी पण असंच कुठेतरी वाचून ऑगस्टचा दुसरा आठवडा धरला, दिल्लीहून रात्रीची बस, औटच्या बोगद्याच्या अलीकडे पहाटे उतरलो, तिथून बंजार, तिथून गुशैणी, खोलीत सामान टाकून पळत नदीवर गेलो तर नदी म्हणजे सिमेंट कालवलेलं घमेलं. पाच दिवस खोलीत बसून राजमा-भात खाल्ला आणि पत्ते खेळलो. सहाव्या दिवशी दरड पडून रस्ता बंद, म्हणून सातव्या दिवशी पण राजमा. घरी आल्यावर बायकोने विचारलं किती मासे मिळाले, मी म्हटलं हवा छान होती. आणि हे तर नुसतं गढूळ पाणी, २०२३ च्या जुलैत ब्यास आणि सैंजच्या खोऱ्यात काय पूर आला ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल, त्यामुळे जुलै-ऑगस्टात तिकडच्या नदीकाठी हौसेने जायचंच नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून पाऊस ओसरतो, पाणी हळूहळू हिरवट-निळं व्हायला लागतं, आणि हाच हिमाचलचा खरा लेट समर. ऑक्टोबरपर्यंत चालतं. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते कारण तेव्हा त्याचा विणीचा काळ. काश्मीरचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, तिथे लिद्दर, सिंध, ब्रिंघी या नद्यांचे तुकडे पाडलेत, त्याला बीट म्हणतात, आणि त्या त्या बीटचा परवाना मत्स्य खात्याकडून घ्यावा लागतो. परवाना हिमाचलात पण लागतोच, खिशात ठेवा. काश्मीरला सप्टेंबर गाठा, ऑक्टोबरात गेलात तर नुसतं केशर बघून याल. तीर्थन तुलनेने छोटी नदी, दगडादगडांतून उड्या मारत येणारी, लारजीला ब्यासला मिळते, नवख्याला समजायला सोपी. तिघांत मिळून पहिलीच वेळ असेल तर तीर्थन.

आता वेळ. संध्याकाळ चांगली हे जूनचं शास्त्र. उन्हाळा सरत असताना खालच्या नद्यांत उलटं होतं, दगड दिवसभर तापलेले असतात आणि पाण्याचा पारा दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सगळ्यात वर असतो, ऊन उतरलं म्हणून आपल्याला गार वाटतं पण पाणी गरमच असतं. पाणी सगळ्यात गार कधी, तर उजाडताना. म्हणून पहाटे उठायचं. बर्फाच्या नद्यांत आणखी एक भानगड, दिवसभर वर बर्फ वितळतं, ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं आणि नदी वाढते, दुधाळ होते. म्हणजे तिथेही कारण वेगळं पण उत्तर तेच, सकाळ.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, पाण्याला विचारा. शंभर-दीडशे रुपयांचा लॅबचा अल्कोहोलचा थर्मामीटर, अप्पा बळवंत चौकाकडे शाळा-कॉलेजचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, दोरी बांधून पाण्यात दोन मिनिटं सोडा. १० ते १६, उत्तम. १८, सावकाश. २० दिसलं की रॉड गुंडाळा आणि चहा प्या, कारण त्या पाण्यात ओढून दमवलेला ट्राउट तुम्ही सोडलात तरी जगेलच असं नाही. (एकाने मागे घरातला तापाचा थर्मामीटर नेला होता. तो पस्तिसापासून सुरू होतो हो. त्यात आकडा दिसला तर तुम्ही नदीत नाही, गरम पाण्याच्या कुंडात आहात.)

माशी कुठली, तर तेव्हा तिकडे डोंगरउतारावर हिवाळ्यासाठी गवतकापणी चालू असते आणि नाकतोडे सैरावैरा उडत असतात. दहा-बारा नंबरच्या गळावर नाकतोडा, काठाला अगदी चिकटून, गवताच्या सावलीत, आणि तो अलगद नाही टाकायचा, थोडा धप्पकन पडू द्यायचा, खरा नाकतोडा काय पॅराशूट लावून पडत नाही. त्याच्या गळाच्या वळणाला दीड-दोन फूट बारीक दोरा बांधून खाली एक मण्याची बुडणारी निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी माशी, सोडा. वरचा नाकतोडा तरंड्याचं काम करतो, बुडाला की खालचीला काहीतरी लागलंय. आणि छातीभर पाण्यात उतरून हिरोगिरी नको, पन्नाशीत गुडघ्यापर्यंत पुरे. ट्राउट काठालाच असतो, आपणच त्याला तुडवून पुढे जातो.

प्रश्न : औंध. कास्टिंग, म्हणजे दोरा फेकणं, जमत नाही. युट्यूबवर सोपं दिसतं. माझी माशी सोसायटीच्या गुलमोहरात, रखवालदाराच्या टोपीत आणि एकदा माझ्याच कानात. शिवाय माशा बाहेरून मागवल्या तर एकेक दीडशे-दोनशेला पडते, परवडत नाही.

उत्तर : कानात गेली म्हणजे तुम्ही आता अधिकृतपणे या पंथात आलात. पण आधी पक्कड घ्या आणि सगळ्या गळांची काटेरी दाढ चेपून टाका, मग कानातून पण सहज निघते आणि माशाच्या तोंडातून पण. टोपी आणि चष्मा सरावात सुद्धा.

आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, वजन ते फेकतं आणि दोरा मागून जातो. इथे माशीला वजनच नाही, त्यामुळे फेकायचा असतो तो दोरा. पाच नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, ते ९ ग्रॅम हवेत तुमच्या मागे सरळ ताणले गेले पाहिजेत आणि मग पुढे. तुम्ही मागे गेल्याबरोबर पुढे येताय, थांबत नाही, शंभरातल्या नव्वदांचं हेच होतं. पोतराजाचा आसूड बघितलाय ना? तो वाजतो कारण तो लवकर उलटा ओढतो. तुमचा वाजला तर समजा माशी तुटून गेली. मागे नेलं, थांबा, मान वळवून बघा दोरा सरळ झाला का, मग पुढे. ताकद लावायची नाही. तळजाईला सकाळी लवकर मोकळी जागा बघा, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा आणि रोज वीस मिनिटं, महिनाभर. फिरायला येणारे आजोबा "काय हो, पाणी कुठेय?" म्हणतील. म्हणू देत.

ज्यांना रॉड विचारायचा होता, हेच ते. नऊ फुटी, पाच नंबर, तरंगणारी डब्ल्यूएफ (वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या अंगाला जड) लाइन. रॉडवर कमी खर्च करा आणि लाइनवर जास्त. पुढे नऊ फुटी निमुळता लीडर, म्हणजे लाइन आणि माशीच्या मधला दोरा, त्याच्या टोकाला ४एक्स किंवा ५एक्स टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक तुकडा. ते एक्सचं गणित सोपंय, ११ मधून एक्स वजा करायचा, तेवढे इंचाचे हजारावे भाग जाडी, म्हणजे ५एक्स झाला ६ हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. नाकतोड्याला ४एक्स घ्या, जड माशीने बारीक दोरा पिळतो.

आणि माशा घरी बांधा हो! पुण्यात राहून माशा बाहेरून मागवायच्या म्हणजे चितळ्यांच्या शेजारी राहून बाकरवडी ऑनलाइन. तुळशीबागेत भरतकामाचा रेशीम दोरा, जर, बारीक मणी, सगळं मिळतं. नाकतोड्याच्या अंगाला क्राफ्टवाल्यांकडची फोमशीट, हिरवट-पिवळी, पायांना रबराचे बारीक धागे. शेवटच्या गाठीवर घरातलं बिनरंगी नेलपॉलिश, विचारून घ्या. पिसं मात्र गावठी कोंबड्याच्या मानेची, ब्रॉयलरची पिसं मऊ, पाण्यात लगदा होतात. चिकनवाल्याला आधी सांगून ठेवायचं, तो वेड्यासारखा बघेल, दुसऱ्या वेळी स्वतःहून पिशवी बाजूला ठेवेल, माझा ठेवतो. मोराचं आपोआप गळलेलं पीस चालतं, त्याचा एक एक धागा निम्फच्या अंगाला झकास. पण पुस्तकातल्या कृतीत हरणाचे केस लिहिलेत म्हणून कुणाच्या वाड्यातल्या जुन्या सांबर-चितळाच्या कातड्यावर नजर टाकू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, फोमने भागतं. एक गळ, दोरा, फोम, पीस मिळून दहा-पंधरा रुपयांत माशी. पहिल्या वीस माशा भयंकर दिसतील. त्यातल्याच एकीला मासा लागेल आणि मग पुढची दहा वर्षं तुम्ही सुंदर माशा बांधत बसाल.

प्रश्न : सिंहगड रोडला राहते. मुलगा बारा वर्षांचा, तुमचं सदर वाचून हट्ट धरून बसलाय. खडकवासल्याला नेऊ का? नवरा म्हणतो काही होत नाही, लोक बसलेले असतात.

उत्तर : ताई, लोक बसलेले असतात हे खरं, म्हणून बसावं असं नाही.

धरणाच्या खाली, नदीपात्रात, पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता अजिबात नाही. विसर्ग सोडतात तो आपल्या सोयीने नाही सोडत. वर्तमानपत्रात आपण १० हजार क्युसेक वाचतो आणि पान उलटतो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे १० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. कोरड्या दिसणाऱ्या खडकावर बसलेल्या माणसाला उठायला वेळ मिळत नाही. धरणाच्या भिंतीजवळ नाही, आणि एनडीएच्या बाजूचा काठ तर लष्करी हद्द, तिकडे गळ घेऊन दिसलात तर मासा राहील बाजूला. जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेली असते, त्यांना विचारून बसायचं, भोई मंडळी दोन शब्द नीट बोललं तर जागा पण दाखवतात आणि अख्खं पोट भरेल एवढ्या गोष्टी पण सांगतात.

बारा वर्षांच्या मुलाला पहिलं एखाद्या ओळखीच्या माणसाच्या शेततळ्यावर न्या. लाइफ जॅकेट घालून, पोहता येत असलं तरी. साधी बांबूची काठी, गांडूळ, बुचाचं तरंडं. फ्लाय रॉड दोन वर्षांनी. आणि शहराच्या खालच्या अंगाला, बंडगार्डनच्या पुढे वगैरे धरलेला मासा घरी आणून तळायचा नाही, त्या पाण्यात काय काय येतं ते तुम्हाला माहितीय.

प्रश्न : तळेगावला शेती आहे, विहिरीला बारमाही गार पाणी. शेडनेट टाकून ट्राउट पाळता येईल का? किंवा वाढदिवसाला आमच्या ग्रुपतर्फे पवनेत ट्राउटचं नाहीतर महाशीराचं बीज सोडावं असा विचार आहे.

उत्तर : विहिरीचं पाणी हाताला गार लागतं, ट्राउटला नाही. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षाच्या सरासरीच्या आसपास असतं, आपल्याकडे पंचविशी धरा. ते वाहतं, थंड ठेवायचं म्हणजे चिलर, पंप, वीजबिल. कटला पाळा.

वाढदिवसाचं मात्र मनावर घेऊन सांगतो, कारण हे फॅड वाढतंय. ट्राउट सोडलात तर आठवडाभरात उलटे तरंगतील, ते एक वेळ परवडलं. पण महाशीराचं बीज "चांगलंच आहे की" म्हणून कुठेही सोडायचं नसतं. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास केली, फार मोठं काम आहे, आपला खुद्री आज टिकून आहे त्यात त्याचा वाटा आहे. पण तेच बीज लांब कावेरीत सोडलं गेलं आणि तिथला स्वतःचा कुबड्या महाशीर, जो जगात दुसरीकडे कुठे नाही, तो मागे पडत गेला, आज तो नामशेष व्हायच्या काठावर आहे आणि अभ्यासकांनी त्यामागे या बाहेरून आलेल्या खुद्रीकडे बोट दाखवलंय. मासा आपलाच, देशी, तरी पण परक्या नदीत तो पाहुणाच. ट्राउट पण तसाच पाहुणा आहे हे मी मान्य करतो, १९०० साली काश्मीरात त्याची अंडी ब्रिटनमधून बोटीने आली, नंतर कुल्लू, निलगिरी, मुन्नार, आणि त्याने तिथल्या माशांवर काय केलं याचा हिशोब तेव्हा कुणी मांडला नाही. मी त्याच्यामागे जातो ते हे माहीत असून. तुम्ही वाढदिवसाला पवनेच्या काठचं प्लास्टिक उचला आणि देहू-आळंदीच्या घाटावरचे मासे बघून या. वाळणकोंडीला जाल तर महाडच्या बाजूला वरदायिनीच्या देवळाखालच्या डोहात केवढाले महाशीर हाताजवळ येतात ते बघा, देवीचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावलेला नाही. गळ गाडीतच ठेवा.

प्रश्न : सदाशिव पेठ. वय ७८. आपण मासा पकडून परत सोडता असे वाचले. मग पकडता कशाला? त्या जीवाला त्रास देऊन आपल्याला काय मिळते? खायचा असेल तर खा, नाहीतर घरी बसा. उत्तर छापण्याची हिंमत असल्यास छापावे.

उत्तर : आजोबा, छापलं.

तुमचा प्रश्न टोचतो आणि त्याचं मला पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, तीस वर्षं झाली. त्रास होतो. नाही म्हणणारा खोटं बोलतो. कॅनडात १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवर एक प्रयोग छापून आला होता, माशांना दमेपर्यंत पळवलं, मग काहींना पाण्यातच ठेवलं, काहींना ३० सेकंद हवेत धरलं, काहींना ६०. पाण्यातच ठेवलेल्यांत शंभरातले १२ मेले, ३० सेकंदवाल्यांत ३८, आणि मिनिटभर धरलेल्यांत ७२. एक मिनिट म्हणजे किती, तर मोबाइल काढून, अनलॉक करून, "अरे नीट धर, हसत धर" म्हणेपर्यंत जातं. हे वाचल्यापासून माझा एकही फोटो नाही. हात ओले करतो, जाळीत, पाण्यातच गळ काढतो, प्रवाहाकडे तोंड करून धरतो आणि तो स्वतःहून गेला की जातो. २० अंशांच्या पुढे टाकतच नाही ते याचसाठी. एवढं करून पण काही मरत असतील, मला दिसत नाहीत इतकंच.

आणि हो, कधीकधी खातो. परवान्यात बसतो तेवढा, एखादा, रेनबो. निगडीच्या मंडळींपैकी एकाने पत्राच्या शेवटी कोपऱ्यात विचारलंय की चव कशी, काटे किती, रस्सा करावा का. रस्सा नको, आपला मसाला त्याला गिळून टाकतो. हळद, मीठ, लिंबू, रव्यात घोळवून मोहरीच्या तेलात तव्यावर, कातडी कुरकुरीत होईस्तोवर. बारीक काटे असतात पण हिलशाएवढे नाहीत. बांगड्यापेक्षा सौम्य, आणि सुरमईशी तुलना मी करणार नाही, माझी सासुरवाडी कोकणात आहे.